कातडीवरचा डाग आणि मनातला कमीपणा

आपल्या मराठीत 'डाग' हा एकच शब्द तीन ठिकाणी चालतो. लुगड्याला पडतो तो डाग, अंगावर उठतो तोही डाग आणि माणसाच्या नावाला लागतो तोही डागच. पहिल्याला साबण आहे, दुसऱ्याला दवाखाना आहे. तिसऱ्याविषयी घरात कुणी तोंड उघडत नाही. या वेळच्या सदरात आम्ही त्याच तिसऱ्या डागाविषयी लिहिणार आहोत. लोक तो लावतात हे तर खरेच, पण पुष्कळदा लोकांनी लावण्याची वाट न पाहता माणूस स्वतःच तो लावून घेतो. हा आतला कमीपणा मोजता येतो का, आणि मोजून उपयोग काय, असा प्रश्न आहे.

प्रश्न आमचा नव्हे, मालवणच्या किनारपट्टीवरून पत्र पाठविणाऱ्या एका भगिनीचा आहे. तिच्या धाकट्या बहिणीला ओठाशी आणि बोटांच्या टोकांना कोड आले आहे. भगिनी लिहिते की, वाडीत तिला कोणी वावगे बोललेले नाही. शेजारची काकी पूर्वीसारखीच हाक मारते. तरीही मुलीने हळूहळू सगळे सोडले. विहिरीवर दुपारी, कोणी नसताना जाते. बुद्धपौर्णिमेला विहारात आली नाही. घरी पाहुणे आले की चहा करते, पण कप बाहेर घेऊन येत नाही. विचारले तर एकच उत्तर, "माझ्या हातचा कोण खातलो?" सरकारी डॉक्टरांनी तपासून सांगितले की डाग लहान आहेत, प्रकृतीला धोका नाही. भगिनी विचारते, 'डाग एवढासा, तर मग माणूस एवढे आक्रसले कसे?'

प्रश्न फार नेमका आहे. डॉक्टरांनी मोजली ती कातडी. मुलीचे जे आक्रसले ते मोजण्याची पट्टी वेगळी आहे.

आधी डागांचे थोडे सांगतो, कारण घरोघरी तीन वेगळे आजार एकाच भीतीने पाहिले जातात. कोड म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तेवढा भाग पांढरा पडतो. कोड कोणाचे कोणाला लागत नाही. जगात साधारणपणे 100 माणसांत एखाद्याला ते असते. (लाडाकोडातले 'कोड' आणि हे कोड उच्चाराला अगदी सारखे आहेत. शब्दाला काय, दोन्ही सारखेच.) दुसरा आजार कुष्ठरोग, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे रक्तपिती म्हणतात. तो जंतूने होतो. हा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 साली शोधला. पण हा रोग फार सावकाश आणि फार थोड्यांना लागतो, कारण बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती असतेच. शिवाय औषध सुरू झाले की रुग्णापासून दुसऱ्याला धोका लवकरच संपतो. तिसरे म्हणजे शिबं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, घामाने, छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट ठिपके उठतात तीच. ती एका बुरशीमुळे येतात आणि ही बुरशी तशी सर्वांच्याच अंगावर असते.

इथे आणखी एक गोष्ट स्वच्छ करून टाकू. मासे खाऊन वर दूध घेतले की कोड येते, ही समजूत किनाऱ्यावर पक्की आहे. तिच्यामुळे कित्येक आयांना आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले की, 'तूच लहानपणी पोराला माशांवर दूध पाजलेस.' या समजुतीला आधार नाही. जगात मासे दुधात शिजवून खाणारे लोक आहेत, त्यांच्यात कोड आपल्यापेक्षा जास्त नाही. त्या आयांच्या माथ्यावरचे हे ओझे आता उतरायला हवे.

आता मोजमापाकडे वळू. याचे एक महत्त्वाचे काम आपल्या मुंबईतच झाले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. मिचेल वाइस आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी तिथल्या बाह्यरुग्णांशी सविस्तर बोलून केलेला अभ्यास 1992 साली ब्रिटनमधल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. त्यांनी तीन गट घेतले. नुकतेच निदान झालेले 56 कुष्ठरुग्ण, कोड असलेले 19 आणि शिबं असलेले 12. निवड किती विचारपूर्वक केली होती पाहा. तिघांच्याही अंगावर फिकट डाग असतात. पण कुष्ठरोगाचे नाव काढले की लोक दचकतात, कोडाचे नाव काढले की लग्ने मोडतात आणि शिबं म्हटले की लोक एवढेच म्हणतात, 'मलम लाव.' या सर्वांच्या मनाची तपासणी केली, तेव्हा उदासीनता, सततची धास्ती किंवा मनाचा त्रास अंगदुखीच्या रूपाने बाहेर पडणे, असा निदान करण्याजोगा विकार कुष्ठरुग्णांत 100 मागे 50 जणांना निघाला. कोडाच्या गटात 100 मागे 37. शिबंच्या गटात 100 मागे 8, म्हणजे बारांत एकच माणूस.

गट लहान होते, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये. तरी विचार करा. कुष्ठरोगाने नसा जाऊ शकतात, बोटे वाकडी होऊ शकतात. कोडाने असे काहीच होत नाही, कातडीचा रंग तेवढा जातो. तरीही मनावरचा मार दोघांनाही बसला. आणि तशाच फिकट ठिपक्यांच्या शिबंवाल्यांना तो जवळजवळ बसलाच नाही. म्हणजे माणूस आजारापेक्षा आजाराच्या नावाने जास्त खचतो. हे नाव समाजाने ठेवलेले असते आणि ते लहानपणापासून ऐकत आलेला माणूस एके दिवशी तेच नाव स्वतःला घेतो. कोड येण्याआधी त्या मुलीनेही कोडवाल्या बायकांविषयी कुजबुज ऐकलीच असणार. डाग उठला त्या दिवशी ती कुजबुज तिच्याच आतून सुरू झाली. बाहेरच्या कोणाला बोलण्याची गरजच उरली नाही.

अभ्यासकांनी पुढे या गोष्टीचे वेगवेगळे धागे सुटे केले. सोरायसिसच्या रुग्णांसाठी 1989 साली अमेरिकेत गिन्सबर्ग आणि लिंक यांनी 33 प्रश्नांची यादी केली. त्यात आपल्यात काहीतरी खोट आहे असे वाटणे, लोक नाकारतील ही आधीच धास्ती, अपराध आणि लाज, लपवाछपवी असे कप्पे निघाले. इंडोनेशियात चिरेबोन नावाच्या किनाऱ्याकडच्या जिल्ह्यात कुष्ठरुग्णांसाठी 21 प्रश्नांची पट्टी तयार झाली, तिच्यात चार कप्पे आहेत. आम्ही ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. बाजारात कोळणीच्या हातचे मासे घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणाले, हा प्रत्यक्ष भोगलेला अपमान. गिऱ्हाईक नाही म्हणेल म्हणून ती बाजारात गेलीच नाही, ही पुढची धास्ती. पाटी घेऊन गेली, पण उकाड्यातही लांब बाह्यांचे पोलके घालून, हे लपवणे. आणि 'माझ्या हातचे कोणी का घ्यावे, मी तशीच आहे,' असे तिला मनापासून पटलेले असणे, हा आतला कमीपणा. चौघांची बेरीज एकत्र केली तर काहीच कळत नाही. वेगवेगळी मोजली तर कळते की गिऱ्हाइकाशी भांडायचे आहे की कोळणीशी बोलायचे आहे.

लपवण्याचा धागा आजाराशिवायही दिसतो. काजूच्या कारखान्यात सोलणीला जाणाऱ्या आपल्या बायकांची बोटे टरफलातल्या तेलाने भाजतात, काळी पडतात, साले निघतात. राख किंवा खोबरेल लावून त्या काम उरकतात. पण लग्नाला गेल्या की हात पदराखाली. ज्या हातांनी घर चालते ते हात लपवायचे! मालकाने हातमोजे द्यावेत हे मागण्याआधी हातांची लाज वाटणे थांबले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मोजण्याची रीत तशी साधी आहे. मुंबईच्या त्या कामातून निघालेली 15 प्रश्नांची एक पट्टी आज अनेक देशांत वापरतात. तिच्यातले काही प्रश्न साधारण असे: तुमचा आजार लोकांना कळू नये असे वाटते का? या आजारामुळे तुम्ही स्वतःला कमी समजता का? लोक तुमच्या घरी यायचे टाळतील का? तुमच्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाचे लग्न अडेल असे वाटते का? 'होय' म्हटले तर 3, 'कदाचित' तर 2, 'सांगता येत नाही' तर 1 आणि 'नाही' तर 0. सर्वांत जास्त बेरीज 45. कार्डिफच्या डॉक्टरांनी 1994 साली केलेली 10 प्रश्नांची यादी त्वचारोगाच्या दवाखान्यांत जगभर चालते. तिची बेरीज 30 पर्यंत जाते, पण ती गेल्या आठवड्यापुरतीच विचारते आणि कपडे, खेळ, बागकाम यांवर तिचा भर आहे. आपल्या वाडीतल्या बाईला बागकामाचे काय विचारता? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी म्हणूनच 2013 साली खास कोडासाठी 27 प्रश्नांची आपली यादी केली. ते योग्यच झाले.

भाषेचीही अडचण आहे. 'लाज वाटते का?' असे मराठीत एखाद्या तरुण मुलीला विचारले, तर ती मान खाली घालून 'हो' म्हणेल, कारण लाज हा आपल्याकडे बाईचा गुण समजतात. उत्तराला 3 गुण पडतील आणि मोजणाऱ्याची फसगत होईल. 'शरम' म्हटले तर तिने काही गुन्हा केला असे ऐकू येते. त्यापेक्षा 'कमीपणा वाटतो का?' हा शब्द बरा. त्याहून बरे म्हणजे रोजच्या कामाचे विचारावे. पंगतीत वाढायला पुढे होता का? कोणाचे तान्हे मूल उचलून घेता का? विहिरीवर कोणत्या वेळी जाता? तुमच्या घागरीतले पाणी दुसऱ्याला देताना हात थांबतो का?

या शेवटच्या प्रश्नाशी आपल्या वाचकांनी जरा थांबावे. आपल्या आजोबा-पणजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतलेले आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब याच कोकणातल्या महाडला चवदार तळ्याच्या पाण्यापाशी गेले ते यासाठीच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथेच जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळखू याल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या. तळ्यावरचा अन्याय दुसऱ्यांनी केलेला होता. नेसणीची खूण मात्र अंगवळणी पडलेली होती. बाबासाहेबांनी एकाच वर्षात दोन्हींना हात घातला. आणि आज आपल्याच काही घरांत कुष्ठरोगातून बरी झालेली आत्या असते आणि तिचा पेला वेगळ्या कोनाड्यात असतो. कोणी सांगितलेले नसते. कधी कधी आत्यानेच तो वेगळा ठेवलेला असतो आणि घरचे लोक 'तिलाच तसे बरे वाटते' म्हणून गप्प बसतात. आम्हाला हे गप्प बसणे मान्य नाही. तो पेला उचलून इतर पेल्यांत ठेवण्याचे काम घरच्यांचे आहे.

आतला कमीपणा कशावर पोसतो याचाही शोध घ्यावा लागतो. म्हणूनच मुंबईच्या त्या मुलाखतीत रुग्णाला आजाराचे कारण काय वाटते हेही विचारीत. कोणी नागाचा दोष सांगतो, कोणी मागल्या जन्मीचे पाप. जंतू म्हटला तर माणूस औषध मागतो. मागल्या जन्मीचे पाप म्हटले की माणूस स्वतःच आरोपी होतो, साक्षीदारही तोच, आणि शिक्षा मुकाट भोगतो. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त खोडून काढला आहे. गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजाला झटकून टाकता यावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांनी दाखविले. त्याच ग्रंथात राजगृहाच्या सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. गर्दी पाहून त्याला वाटले की अन्न वाटले जात आहे, म्हणून तो जवळ आला आणि उपदेश चाललेला पाहून एका बाजूला बसला. त्याला कोणी हाकलले असे कथेत नाही. बुद्धाची नजर नेमकी त्याच्याकडे गेली. बाबासाहेबांनी ही कथा सुनीत आणि सोपाक यांच्या कथांबरोबर एकाच भागात घेतली आहे, हेही लक्षात ठेवावे.

कोणी म्हणेल, मनाचेच दुखणे ना, राहू द्या. राहू देता येत नाही. कुष्ठरोगाच्या डागाला सुरुवातीला वेदना नसते, उलट तिथली जाणीवच गेलेली असते. ज्याला कमीपणा वाटतो तो असा डाग बंडीखाली झाकतो, गावच्या आरोग्य केंद्रात जात नाही कारण तिथली सिस्टर ओळखीची, आणि 'मुंबईक गेल्यावर दाखवतंय' म्हणून वर्ष काढतो. तेवढ्यात नस जाते. हात वाकडा होतो, पायाला जखम झालेली कळत नाही. ज्या विद्रूपतेच्या भीतीने लपवले ती लपवण्यानेच येते. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली केली. ही औषधे आपल्याकडे सरकारी केंद्रांत फुकट मिळतात आणि उपचार 6 किंवा 12 महिन्यांत पुरा होतो. 2005 च्या अखेरीस भारतात रुग्णांचे प्रमाण 10,000 लोकांमागे 1 पेक्षा खाली आले. तरी जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्याच देशात सापडतात. औषधाची कमतरता नसताना उशीर होतो, त्याला इतर कारणे असतील, पण हा कमीपणा त्यातले एक मोठे कारण आहे.

कायद्यानेही हा शिक्का फार वर्षे जपला. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवता येईल असा 1898 चा कायदा 2016 पर्यंत पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते 2019 साली. कायदा गेला म्हणून मनातले लगेच जात नाही, पण रुग्णाला दाखवायला एक कागद तरी झाला.

मनातले जाते कशाने? चिरेबोनला तीन गोष्टी करून पाहिल्या. जाणत्या माणसाशी, पुष्कळदा स्वतः त्या आजारातून गेलेल्या माणसाशी, निवांत बोलणे. गावकऱ्यांना रुग्ण समोरासमोर भेटवणे. आणि छोट्या धंद्यासाठी हातउसने भांडवल. आधी आणि नंतर त्याच पट्टीने मोजले, तेव्हा आकडे उतरले. आपल्याकडे पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन ही कोड असलेल्यांची संघटना उभी केली. त्यांना स्वतःला कोड आहे आणि त्या ते झाकत नाहीत. या संघटनेने वधू-वर मेळावेही भरविले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 चा 'नितळ' हा चित्रपट कोड असलेल्या एका तरुणीविषयीच आहे. विहारात पडदा लावून दाखविण्याजोगा आहे.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे असे. बहिणीला 'तू मनाला लावून घेऊ नकोस' असे सांगू नका, त्याने ती आणखी आत जाईल. वर दिलेले प्रश्न गप्पांच्या ओघात विचारा आणि उत्तरे तारीख घालून वहीत टिपून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, जगणे नकोसे वाटते असे ती बोलली असेल, तर थांबू नका. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन मनोविकाराच्या डॉक्टरांविषयी विचारा. कोडावर मलमे आहेत, प्रकाशाचे उपचार आहेत, काहींना शस्त्रक्रियाही उपयोगी पडते. गुण सर्वांना सारखा येत नाही, पण सुरुवातीला गेलेल्यांना अधिक येतो. पाहुणे आले तर कप तिच्याच हातून बाहेर येऊ द्या आणि तिने दिलेला पहिला कप घरच्या वडीलधाऱ्याने घ्यावा.

आणि सर्वच वाचकांसाठी: अंगावर नवा फिकट किंवा तांबूस डाग दिसला तर डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवायला सांगा. स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. स्पर्श कळतो आणि डाग दुधासारखा पांढरा आहे, तर त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. छाती-पाठीवरचे बारीक कोंडा सुटणारे ठिपके असतील तर ती बहुधा शिबं. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने बुरशी थोड्या दिवसांत जाते, मात्र कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतात. तेवढ्यात मलम बदलत बसू नये.